पाच टक्यांचे दही

मोहम्मद युनूस यांनी एकाच दह्याची गोष्ट दोन पुस्तकांत दोनदा सांगितली आहे. पहिल्यांदा २००७ च्या 'क्रिएटिंग अ वर्ल्ड विदाउट पॉव्हर्टी'मध्ये आणि दुसऱ्यांदा २०१० च्या 'बिल्डिंग सोशल बिझनेस'मध्ये. गोष्ट अशी : फ्रान्समधली दानोन ही दूध-दह्याची बलाढ्य कंपनी आणि बांगलादेशातला ग्रामीण समूह एकत्र येतात, बोगरा येथे छोटा कारखाना काढतात, आणि जीवनसत्त्वे व खनिजे घातलेले 'शक्ती दोई' नावाचे दही गरीब मुलांसाठी पाच टक्यांना विकू लागतात. टका म्हणजे बांगलादेशाचे चलन. त्या वेळी एका डॉलरला सुमारे ६९ टके पडत. नफा वाटून घ्यायचा नाही, तोटाही सोसायचा नाही, आणि मुलांचे कुपोषण हटवायचे, अशी ही कल्पना. व्यवस्थापनाच्या वर्गांतून ती जगभर शिकवली गेली.

ही दोन कथने शेजारी-शेजारी ठेवून वाचावीत, एवढाच या लेखाचा उद्योग आहे. मी ना पोषणतज्ज्ञ, ना अर्थशास्त्रज्ञ. पोषणाविषयीचे अहवाल, न्यायालयांचे आदेश आणि कंपन्यांची वार्षिक वृत्ते वाचून टाचणे काढण्याचा नाद गेली वीसेक वर्षे जडला आहे, इतकेच. हे वाचताना एक गोष्ट सतत जाणवत राहिली. कथा-कादंबरी वाचताना आपण काही साधे प्रश्न विचारतो. कथा कोण सांगतो? ती कुठे सुरू होते, कुठे थांबते? कोण बोलतो आणि कोणाविषयी नुसते बोलले जाते? उद्योगांच्या कहाण्यांना हे प्रश्न कोणी विचारत नाही. आणि मुलांच्या पोटाचा प्रश्न जिथे अशा कहाण्यांवर विसंबून सोडवला जातो, तिथे तर ते विचारायलाच हवेत.

हस्तांदोलनाची कथा

पहिल्या पुस्तकाचा आरंभ पॅरिसमधल्या एका जेवणाने होतो. साल २००५, महिना ऑक्टोबर. दानोनचे प्रमुख फ्रँक रिबू आणि युनूस समोरासमोर बसले आहेत. युनूस भागीदारीची कल्पना मांडतात, रिबू लगेच उठून हात पुढे करतात. आपले बोलणे यांना नीट कळले ना, अशी शंका युनूसना येते. ते पुन्हा समजावून सांगतात. उत्तर तेच येते. प्रसंग छान रंगवला आहे. त्यात विनोद आहे, मोकळेपणा आहे, आणि वाचकाला आपसूक वाटू लागते की, दोन मोठ्या माणसांच्या मनात आले की जगातली अर्धी कामे झालीच.

त्यानंतरच्या घटनाही कथेला पोषक आहेत. मार्च २००६ मध्ये कंपनीची घोषणा झाली. ऑक्टोबरमध्ये युनूस आणि ग्रामीण बँक यांना शांततेचे नोबेल जाहीर झाले. नोव्हेंबरमध्ये फुटबॉलपटू झिनेदिन झिदान दानोनचा पाहुणा म्हणून बांगलादेशात येऊन गेला. फेब्रुवारी २००७ मध्ये बोगराच्या कारखान्यातून दही बाहेर पडू लागले. कपावर दंड फुगवून दाखवणारा सिंह. चवीला गोडसर, कारण तिकडच्या माणसाला 'मिष्टी दोई'ची सवय. बोगराचे मातीच्या भांड्यातले दही तर मूळचेच नामांकित. २०२३ मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. कपसुद्धा खाता यावा, अशी युनूस यांची इच्छा होती. ते जमले नाही, तेव्हा मातीत विरघळणाऱ्या कपावर भागले. पुढच्या दहा वर्षांत असे ५० कारखाने उभे करण्याचा मनोदय होता.

आता तारखांकडे पाहा. कारखाना फेब्रुवारी २००७ मध्ये सुरू झाला आणि पुस्तक त्याच वर्षाचे आहे. म्हणजे कारखान्याने एक पूर्ण वर्ष पाहण्याआधीच त्याची यशोगाथा छापून तयार होती. कथनशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर ही संकल्पाची कथा आहे, पण ती सिद्धीच्या सुरात सांगितली आहे. युनूस यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. शंका आहे ती एवढ्या लवकर थांबणाऱ्या कथेविषयी. पेरणी झाल्याबरोबर खळ्याचे वर्णन लिहिले, तर मधला पाऊसकाळ त्यात कुठून येणार?

कपाचे गणित

पाऊसकाळ लगेचच आला. २००७-०८ मध्ये जगभर अन्नधान्याचे आणि दुधाचे भाव भडकले. दह्याच्या खर्चात दूध हा मोठा भाग. पाच टक्यांना ८० ग्रॅमचा कप विकणे परवडेना. २००८ मध्ये किंमत आठ टके केली आणि गावांतला खप कोसळला. घरोघर जाऊन दही विकणाऱ्या बायका, ज्यांना 'शक्ती लेडी' म्हणत, त्यांचे उत्पन्न विक्रीच्या कमिशनवर. त्यांतल्या कित्येकींनी काम सोडले. मग कंपनीने नवा कप काढला : ६० ग्रॅम, सहा टके. आणि ढाक्याच्या दुकानांत जास्त किमतीने दही विकायला सुरुवात केली, म्हणजे शहरातल्या कमाईवर गावातला व्यवहार तगून राहील.

दुसरे पुस्तक हे सगळे सांगते, आणि त्याचे श्रेय युनूस यांना दिलेच पाहिजे. आपली योजना कुठे अडखळली हे स्वतःच्या नावाने छापणारे उद्योजक फार नाहीत. सुरुवातीला भागधारकांना शेकडा एक एवढा नाममात्र लाभांश ठेवला होता, तोही पुढे काढून टाकला, हेही ते सांगतात. पण कथनाचा कल कुणीकडे आहे? धडा सांगितला जातो तो कंपनी बदलत्या परिस्थितीशी कशी जुळवून घेते याचा. नायक आहे कंपनी. संकट आहे दूधदर. शेवट आहे कंपनीचे तगणे.

आपण तेच आकडे मुलाच्या बाजूने मांडून पाहू. ८० ग्रॅमला पाच टके म्हणजे १०० ग्रॅमला सव्वासहा टके. ८० ग्रॅमला आठ टके म्हणजे १०० ग्रॅमला दहा. आणि ६० ग्रॅमला सहा टके? तेही १०० ग्रॅमला दहाच. ज्या दराने ग्राहक पळाला, तोच दर लहान कपात घालून परत आणला. कप स्वस्त झाला, दही स्वस्त झाले नाही. साबणाच्या वडीपासून बिस्किटाच्या पुड्यापर्यंत आपल्याला हा हिशेब चांगला ओळखीचा आहे : किंमत जवळपास तीच, माल कमी.

यात आणखी एक बारकावा आहे. जीवनसत्त्व 'अ', लोह, जस्त आणि आयोडीन यांच्या रोजच्या गरजेचा ३० टक्के भाग एका कपातून मिळावा, असे सूत्र होते. कप लहान झाला तरी हे सूत्र तसेच ठेवले. म्हणजे भुकटी राहिली, दूध घटले. भुकटी स्वस्त असते, दूध महाग. पण लहान मुलाला जीवनसत्त्वांबरोबर उष्मांक आणि प्रथिनेही लागतात, आणि ती दुधातूनच येतात. कपावरचा '३० टक्के' हा आकडा अक्षरशः खरा असूनही कपात काय कमी झाले ते सांगत नाही.

दूध देणारे घर, दही घेणारे घर

या प्रकल्पाचे दुसरे वचन असे होते की, दूध आसपासच्या लहान शेतकऱ्यांकडून घ्यायचे. त्यांना बाजारपेठ मिळेल, बायकांना विक्रीचे काम मिळेल, मुलांना दही मिळेल. तिघांचेही भले. कागदावर हे वर्तुळ पूर्ण दिसते.

पण ज्या दिवशी दुधाचा भाव वाढतो, त्या दिवशी गाय पाळणाऱ्याचा फायदा आणि दही विकत घेणाऱ्याचे नुकसान एकाच कारणाने होते. दोन्ही कुटुंबे गरीब, दोन्ही एकाच पंचक्रोशीतली. कधी कधी ती दोन नसून एकच असतील. मधे उभी असलेली, ना नफा ना तोटा अशी शपथ घेतलेली कंपनी दोघांनाही एका वेळी राजी राखू शकत नाही. 'सगळ्यांचेच भले' या सूत्रात हा ताण लपून जातो, आणि भाववाढीच्या पहिल्याच झटक्यात तो उघडा पडतो.

आपल्याकडे हा वाद नवा नाही. ऑपरेशन फ्लडचे गोडवे गायले जात असताना गोव्यात राहणाऱ्या क्लॉड अल्वारिस यांनी १९८० च्या दशकात त्यावर कडाडून टीका केली होती. गावातले दूध शहराकडे वाहू लागले की गावातल्या पोराच्या वाटीत काय उरते, हा त्या काळच्या टीकाकारांचा एक मुख्य प्रश्न होता. कुरियन यांच्या कामाची थोरवी मान्य करूनही तो प्रश्न खोटा ठरत नाही. खेड्याच्या सहकारी संघाने निदान आपण पोषण-योजना आहोत असा दावा केला नव्हता. दूधवाल्याला रास्त भाव, एवढेच त्याचे ब्रीद होते. बोगराच्या कारखान्याचे ब्रीदच मुलांचे पोषण होते. म्हणून त्याला मोजण्याची फूटपट्टीही वेगळी हवी.

कोणते मूल?

या दह्याची शास्त्रीय तपासणी झाली, आणि ती चांगल्या रीतीने झाली. बोगरा भागातल्या शाळांत पहिली ते चौथीची १,०१० मुले निवडली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने त्यांचे दोन गट केले. एका गटाला वर्षभर पोषकद्रव्ये घातलेले ६० ग्रॅम दही, दुसऱ्याला तितकेच साधे दही. निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. पोषकद्रव्यांच्या गटात हिमोग्लोबिन थोडे सुधारले, उंची वाढण्याच्या वेगातही थोडा फरक दिसला. कंपनीच्या प्रचारात हे येणे स्वाभाविक आहे.

पण निबंध नीट वाचला की तीन गोष्टी ध्यानात येतात. पहिली, दोन्ही गटांना दही मिळाले. म्हणजे तपासणी भुकटीची झाली, दह्याची नाही. दुसरी, मुलांना दही विकत घ्यावे लागले नाही. ते त्यांच्या हाती दिले गेले. 'खाल्ले तर काय होते' याचे उत्तर या प्रयोगाने दिले. 'विकत मिळत असेल तर कोण खाते' हा बाजाराचा खरा प्रश्न त्याच्या कक्षेत नव्हता. तिसरी आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे मुलांचे वय. ती ६ ते ९ वर्षांची होती.

मूल खुजे राहण्याचे, म्हणजे वयाच्या मानाने उंची खुंटण्याचे, नुकसान बहुतांशी गर्भधारणेपासून दोन वर्षांच्या आत होऊन जाते. सहाव्या महिन्यापर्यंत आईचे दूध पुरते. त्यानंतर त्याच्या जोडीला वरचे अन्न सुरू करावे लागते. पोट मुठीएवढे, गरज मोठी, आणि दिवसातून अनेकदा थोडे थोडे भरवायला घरात कोणीतरी मोकळे असावे लागते. आपल्याकडच्या बायका मऊ भात, वरणाचे पाणी, तूप, नाचणीचे सत्त्व यांवर हे दिवस काढत आल्या आहेत. या वयातल्या मुलाला सिंहाचे चित्र कळत नाही. ते विक्रेतीला हाक मारत नाही, आईकडे हट्ट करत नाही. हट्ट करते ते त्याच्याहून मोठे भावंड. बाजार स्वभावतः मागणी करणाऱ्याकडे जातो. ज्याला सर्वांत जास्त गरज, त्याला मागताच येत नाही, ही बालपोषणातली मूळ अडचण. कप कितीही स्वस्त केला तरी ती सुटत नाही.

त्याच वर्षातला दुसरा सौदा

२००७ साली दानोनने आणखी एक व्यवहार केला. नेदरलँड्समधली न्यूमिको ही बाळांच्या दुधाच्या पावडरी आणि बालान्न बनवणारी कंपनी १२ अब्ज युरोंहून अधिक किमतीला विकत घेतली, आणि बिस्किटांचा धंदा विकून टाकला. बोगराच्या कारखान्याला लागलेले भांडवल दहा लाख डॉलरच्या आसपास होते. दोन्ही निर्णय एकाच वर्षातले. एकाची गोष्ट आपल्याला माहीत आहे. दुसरी अर्थविषयक पानांवर राहिली.

यात कट-कारस्थान शोधण्याचे कारण नाही. शक्ती दोई ही आईच्या दुधाला पर्याय म्हणून विकलेली वस्तू नव्हती. पण सहा महिने ते दोन वर्षे या वयाच्या बाळासाठी त्याच कंपनीचा खरा, नफ्याचा व्यवसाय आहे. आणि त्या व्यवसायावर जगाने नियम घातले आहेत. आईच्या दुधाला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थांच्या जाहिरातीवर जागतिक आरोग्य संघटनेची संहिता १९८१ मध्ये आली. भारताने १९९२ मध्ये स्वतंत्र कायदा केला, २००३ मध्ये तो आणखी कडक केला, आणि दोन वर्षांखालील बाळांच्या अशा पदार्थांची जाहिरातच बंद केली. भागीदारीच्या कथेत मात्र कंपनी एका कपापुरतीच येते. बाकीचे दुकान पडद्यामागे राहते.

मराठी घरांना हे दुकान अनोळखी नाही. 'फॅरेक्स'चा रिकामा डबा राई-जिऱ्यासाठी वापरणाऱ्या स्वयंपाकघरांत माझी पिढी वाढली. तो ब्रँड अनेक हातांतून फिरत मुंबईच्या वोक्हार्टकडे आला, आणि २०१२ मध्ये वोक्हार्टचा पोषण-व्यवसाय दानोनने घेतला, तेव्हा डेक्सोलॅक आणि प्रोटिनेक्सबरोबर फॅरेक्सही तिकडे गेले. पुढे २०१८ मध्ये त्याच कंपनीने भारतातला दूध-दह्याचा धंदा बंद केला. पोषण-व्यवसाय चालू ठेवला. व्यापाराच्या दृष्टीने निर्णय बरोबर असेल. कोणत्या डब्यात कमाई आहे आणि कोणत्या कपात नाही, याचे उत्तर त्यातून मिळते.

मग उंची कशाने वाढली?

बांगलादेशात २००७ च्या पाहणीत पाच वर्षांखालच्या शंभरातली ४३ मुले खुजी होती. २०२२ च्या पाहणीत हा आकडा २४ वर आला. पंधरा वर्षांतली ही घट मोठी आहे, आणि तिचा अभ्यास अनेकांनी केला आहे. त्यांच्या विश्लेषणात ठळकपणे येतात ती कारणे अशी : घरांची सुधारलेली सांपत्तिक स्थिती, आईबापांचे, विशेषतः मुलींचे वाढलेले शिक्षण, शौचालये, गरोदरपणातली वैद्यकीय देखभाल, कमी मुले आणि दोन बाळंतपणांतले अंतर. ५० कारखान्यांचा बेत बोगराच्या एका कारखान्यापुढे गेला नाही, तरी मुलांची उंची वाढत राहिली. गंमत अशी की, या कारणांतल्या काहींना, विशेषतः बायकांच्या हाती आलेल्या पैशाला, ग्रामीण बँकेसारख्या संस्थांच्या जुन्या कामाचाही हातभार लागला असणे शक्य आहे. पण ते काम हळू, विखुरलेले आणि छायाचित्रात न मावणारे. त्याचे हस्तांदोलन होत नाही.

आता आपल्याकडे पाहा. महाराष्ट्रात २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत शंभरातली ३४ मुले खुजी होती. २०१९-२१ मध्ये ३५. शेजारच्या गरीब देशाचा आकडा उतरत गेला, आपला जागच्या जागी. आणि याच काळात 'भागीदारी' हा शब्द आपल्या सरकारी कागदांत रुळला. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्यातला दोन टक्के भाग सामाजिक कामावर खर्चायला सांगितला; त्या कामांच्या यादीत कुपोषण अगदी वरती आहे.

आपल्या राज्यातला भागीदारीचा जुना अनुभव मात्र विसरला जातो. अंगणवाडीच्या आहारात ठेकेदार नकोत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये बजावले. २०१२ मध्ये त्याच न्यायालयाने नेमलेल्या अन्नहक्क आयुक्तांच्या अहवालात महाराष्ट्रातल्या महिला मंडळांच्या नावाआड खासगी उत्पादकच असल्याचा ठपका होता. २०१९ मध्ये लहान बचत गटांना बाहेर ठेवणाऱ्या राज्याच्या निविदेच्या अटी न्यायालयाने रद्द केल्या. आहाराची पाकिटे सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलासाठी घरी दिली जातात. म्हणजे वय अचूक निवडले आहे. जे दानोनला साधले नाही ते सरकारी योजनेने निदान कागदावर साधले. पण पाकीट मुलाच्या तोंडी जाते की चव नाही म्हणून गोठ्यात, ही खेड्यापाड्यांतली जुनी तक्रार आहे. एकीकडे चवीचा कप, पण चुकीच्या वयाला; दुसरीकडे बरोबर वय, पण बेचव पाकीट. सरकार असो की कंपनी, भरवणाऱ्या बाईला विचारून काम करणारा दोन्हीकडे दुर्मीळ.

कंपन्यांना या कामात पाऊलच ठेवू देऊ नये, असे माझे म्हणणे नाही. मिठात आयोडीन घालण्याचे काम मीठ उत्पादकांशिवाय झाले नसते. ते साधले याचे कारण कोणाला वेगळे काही विकत घ्यावे लागले नाही. तेच मीठ, तीच चिमूट, आणि पाठीशी कायदा. जिथे गरिबाला नव्या वस्तूचे गिऱ्हाईक व्हावे लागते, तिथे जास्त सावध राहायला हवे.

म्हणून अंगणवाडीच्या भिंतीवर उद्या एखाद्या कंपनीचा फलक लागला, तर ग्रामसभेत चार गोष्टी विचाराव्यात. खाणारे मूल कोणत्या वयाचे आहे, आणि दोन वर्षांखालची किती? कच्च्या मालाचा भाव वाढला तर पहिल्यांदा कोणाचा वाटा कमी होणार, हे करारात लिहिले आहे का? ही कंपनी याच वयाच्या मुलांसाठी दुसरीकडे काय विकते? आणि यशाचा जो अहवाल दाखवला जातो आहे, तो काम सुरू झाल्यावर किती महिन्यांनी लिहिला? युनूस यांच्या पहिल्या पुस्तकाला शेवटचा प्रश्न अडचणीत आणतो. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या दुसऱ्या पुस्तकात प्रामाणिकपणे आले आहे. पहिल्या आणि तिसऱ्याचे उत्तर मिळवण्यासाठी मला पुस्तकांबाहेर जावे लागले. ग्रामसभेला एवढे फिरावे लागू नये. ती उत्तरे फलकावरच, कंपनीच्या नावाखाली, वाचता येतील अशा अक्षरांत असली पाहिजेत.